अठ्ठावीस किलोची पकड

३ फेब्रुवारी, सकाळी दहा

नवी वही. विषय: मी. आजपासून सगळं मोजूनमापून. एकतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवायला नको.

काल दवाखान्यात गेलो. यकृत निबर झालंय. दारूनं नाही. हे सांगितलं की नातेवाईक मान हलवतात आणि एकमेकांकडे बघतात. लेक आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार आहे. तिच्या तपासण्या चोख. पण डॉक्टर म्हणाले, तुमच्या अंगात ऑपरेशन सोसण्याइतकं मांसच उरलेलं नाही. मग हातात एक मीटर दिला. दांडी आवळायची, पकड किती ते किलोत दिसतं. अठ्ठावीस हवेत, माझे बावीस आले. ३१ मार्चला पुन्हा मोजणार. तोवर जमलं तर एप्रिलमध्ये ऑपरेशन, नाहीतर नाही.

वजन ६१.४. पकड २२. सहा किलोंचा तर प्रश्न आहे.

५ फेब्रुवारी

आहारतज्ज्ञ बाईंनी तासभर बसवून घेतलं. आतड्यात म्हणे जंतूंची वस्ती असते. माझ्या वस्तीत चांगले जंतू कमी झालेत आणि गुंड माजलेत. ते अमोनिया तयार करतात, यकृताला तो निस्तरता येत नाही, मग ते काम स्नायूंच्या गळ्यात पडतं आणि ते झिजतात. मला लगेच पटलं. एकानं अंग चोरलं की दुसऱ्याची हाडं मोडतात. वर्कशॉपात माझं आणि भागीदाराचं तेच चाललंय. कोण अंग चोरतो ते लिहीत नाही.

बाईंची यादी: पातळ औषध तीनदा, अमोनिया पोटातून बाहेर पडावा म्हणून. मीठ जवळजवळ बंद. झोपण्याआधी दूध नाहीतर अंडं, रिकाम्या पोटी झोपायचं नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं.

सगळं करणार. सोमवारपासून.

९ फेब्रुवारी, दुपार

औषध म्हणजे गोड पाक. प्यायचं आणि पळायचं. आज किराणा दुकानात काट्याखाली डोकं घातलेलं असतानाच पळावं लागलं. परत येईपर्यंत दुकानदारानं स्वतःच स्क्रू पिळून ठेवला होता. वर मला विचारतो, काका, बरं आहे ना.

शांतपणे विचार केला. एकीकडून चांगले जंतू भरायचे आणि दुसरीकडून सगळं धुऊन काढायचं, याला काय अर्थ आहे? औषध दिवसातून एकदा पुरे. बाकीचं मोरीत. बाटली वेळेवर संपली की बायको खूश असते.

१२ फेब्रुवारी

दाढी करायला गेलो तिथं एका मासिकात लेख सापडला. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या भाज्यांत चांगले जंतू कोट्यवधी. लगेच मोठी बरणी आणली. कोबी, काकडी, गाजर. वर्कशॉपातल्या कपाटात, प्रमाणित वजनांच्या पेटीमागे ठेवलीय. बाईंनी मीठ बंद केलंय हे मान्य. पण हे मीठ जंतूंचं आहे, माझं नाही.

खुर्चीतून उठणं: चार वेळा. पाचव्यांदा फोन आला.

२० फेब्रुवारी

वजन ६३.१.

पुन्हा लिहितो, ६३.१. आठ दिवसांत एवढी प्रगती. बरणी दुसरी चालू. व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या बाईंच्या मीटरवर पकड २२, पण मांस आधी चढतं आणि ताकद मागून येते, हे उघड आहे.

झोपण्याआधीचं दूध बंद केलं. जंतूंनाही विश्रांती लागत असेल.

२७ फेब्रुवारी

६५ पूर्ण. पँटचं बटण लागत नाही. बायकोनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला तो तसाच राहिला. म्हणाली, अहो, हे पाणी आहे. मी म्हणालो, काट्याला पाणी आणि मांस यातलं काही कळत नाही, तो फक्त खरं बोलतो. बोलून झाल्यावर वाक्य जरा विचित्र वाटलं. पण ती तोवर आत निघून गेली होती.

डॉक्टरांना फोन कर म्हणते. ३१ला जायचंच आहे. अर्धवट निकाल कशाला दाखवायचा?

८ मार्च, सकाळ

६७.१. पकड १९.

हे शक्य नाही. वजन वाढतंय आणि पकड कमी होतेय, म्हणजे दोन्हींपैकी एक उपकरण बिघडलंय. काटा माझ्या हातचा आहे. म्हणजे मीटर. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना समजावलं, स्प्रिंग थकते, वर्षातून एकदा तपासून घ्यावी लागते. त्या म्हणाल्या, काका, माझ्या हातात तोच मीटर तेहतीस दाखवतो. मी म्हणालो, स्प्रिंगमध्ये असंही होतं.

लेकीनं ऑफिसात तीन एप्रिलपासून सहा आठवड्यांची रजा टाकली. तिच्या जागी माणूससुद्धा नेमला. मला फार काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

३१ फेब्रुवारी

आज परीक्षा. कोणी उठवलं नाही. पाच किलोचं वजन फ्रिजमध्ये ठेवलंय, गरम लागत होतं. डॉक्टर स्वयंपाकघरात आहेत, भांडी घासतायत.

१८ मार्च

वरचं अक्षर माझंच आहे.

बायको म्हणते, तीन दिवस मी असाच होतो. दुपारी अंघोळीला म्हणून उठायचो आणि दाराशी उभा राहायचो. लेकीनं विचारलं, बाबा, मी कोण? मी माझ्या बहिणीचं नाव घेतलं. तशा दोघी दिसतात सारख्याच. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, अमोनिया डोक्यात चढलाय, औषध तीनदा जातंय ना? बायकोनं बाटली उजेडात धरली, मोरीतल्या चिकट डागावर बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. आता चमचा तीच तोंडात घालते आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहते.

डॉक्टर लगेच या म्हणत होते. मी शुद्धीवर आलोय म्हटलं, ३१ची तारीख आहेच. बायकोशी यावरून वाजलं. म्हणजे ती बोलली, मी भिंतीकडे बघत होतो. फ्रिजमधलं वजन काढून ठेवलंय.

२३ मार्च, वर्कशॉप

व्यायामाच्या बाईंकडून मीटर मागून आणला. तपासून देतो म्हटलं, मोफत. स्टँडला आडवा बांधला, दांडीला हूक लावला, खाली प्रमाणित वजनं टांगली. पाचला पाच. दहाला दहा. वीसचं माझ्यानं उचललं नाही, भागीदारानं टांगलं. वीसला वीस. तीनदा केलं. मध्ये पंधरा मिनिटं थांबून चौथ्यांदा.

भागीदारानं हात पुसले आणि म्हणाला, एवढा चांगला मीटर बऱ्याच दिवसांत हाताखाली आला नव्हता. पेटी परत ठेवताना त्याला बरण्या दिसल्या. विचारलं, हे काय? मी म्हणालो, जंतू. त्यानं झाकण उघडून एक काकडी चाखली आणि बेसिनमध्ये थुंकली. म्हणाला, अरे, तुला मीठ बंद आहे ना?

नियमाप्रमाणे दाखला लिहिला. दोष आढळला नाही. खाली माझी सही.

३१ मार्च

पकड १७.

पोटातून सुईनं पाणी काढलं. नऊ लिटर, जवळजवळ बादलीभर पिवळं पाणी. नंतर मीच म्हटलं, काट्यावर उभं करा. ५९.२. म्हणजे दोन महिन्यांत माझ्यातला मीच दोन किलो दोनशे ग्रॅमनं कमी झालो.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, एप्रिलमध्ये जमणार नाही. औषध, मिठाचं पथ्य, झोपण्याआधीचं खाणं, तीन महिने न चुकता केलं तर पुन्हा बघू. बघू हा शब्द त्यांनी खिडकीकडे बघत म्हटला.

३ एप्रिल, संध्याकाळ

लेकीनं रजा मागे घेतली. नेमलेल्या माणसाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून तिनंच कळवलं. मी म्हणालो, बरं झालं, तुझं प्रमोशन अडकलं असतं. ती उठून आत गेली. दूध आणून ठेवलं आणि मी पिऊन संपवेपर्यंत पलंगावर टेकली. मग माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, चला, आजपासून आपण घरीच सराव करू, जोर लावून दाबा.

मी दाबला. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, बाबा, दाबा ना.

मी म्हणालो, थांब, आता दाबतो.