देणगीदार बघायला येणार

३ नोव्हेंबर, सोमवार

कंपनीचा नकार आला. दोन ओळींचा मेल! तीन वर्षं पैसे दिले, आता त्यांना म्हणे झाडं लावायची आहेत. लावा बाबा.

रूपाचा पगार डिसेंबरपर्यंत निघेल, पुढे नाही. आमची संस्था म्हणजे तरी काय — चौक गावात एक भाड्याची खोली, मी, आणि रूपा ही एकुलती एक नर्स. स्कूटीवरून कडाव ते लोधिवली फिरते. अंथरुणाला खिळलेली तेवीस माणसं. जखमा धुते, नळ्या बदलते, घरच्यांना कूस बदलायला शिकवते. ती थांबली की खोलीवरचा बोर्ड तेवढा राहील.

तिला अजून सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर फोन. गेल्या वर्षी अकरा नवे देणगीदार मिळवले होते, काय नाचले होते मी! त्यातले टिकले दोन. एकाने आईच्या वर्षश्राद्धाला दिले होते — "ताई, ते तेव्हाचं होतं हो." एकीने तर मला ब्लॉकच केलंय.

चूक माझीच. पावती पाठवली, आभाराचं पत्र पाठवलं, मग वर्षभर थोबाड दाखवलं नाही. नड आली तेव्हा बरोब्बर आठवण! त्यांच्या जागी मी असते तर मीही फोन उचलला नसता.

८ नोव्हेंबर, शनिवार

कपासी मॅडम! मुंबईच्या. कडावच्या रस्त्याला फार्महाउस आहे, शनिवार-रविवार येतात. किराणा दुकानात गाठलं त्यांना, तेलाची पिशवी हातात धरून, लाज सोडून. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आधी एक पेशंट दाखवा, मग बोलू." आणि उद्याच येतात!

भीमाबाईंकडे नेते. दोन वर्षं लकव्याने पडून आहेत, पाठीला मोठी जखम. त्यांच्या मुलाला, मिलिंदला, फोन केला. "या की ताई, इचारायचं काय त्यात!"

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं मुसळ केरात.

पाहुणे येणार म्हणून मिलिंदने काय काय करून ठेवलं होतं! पुढच्या भिंतीला नवा निळा रंग. शेजारच्यांच्या चार खुर्च्या, टीपॉय, आणि कूलर — नोव्हेंबरात कूलर! भीमाबाईंना मोरपंखी साडी, केस विंचरून चापूनचोपून, तोंडाला पावडर. जखम तर साडीखाली दिसणारच नव्हती. काचेच्या ग्लासातून कोल्ड्रिंक आलं, बशीत काजू. त्या घरात काजू पहिल्यांदाच आले असतील.

मॅडम खूश. "किती छान ठेवलंय!" आणि गाडीत बसल्यावर मला, "ह्यांचं बरं चाललंय की. मला खरी गरजू माणसं दाखवा ना."

खरी!

मिलिंदवर रागवायला गेले आणि आई आठवली. लोधिवलीला आमच्या दोन खोल्या, पण कोणी येणार म्हटलं की ती उंबऱ्यापासून घासायला घ्यायची. "फाटकं चालेल, मळकं नाही. आपल्या घरात येऊन कुणी नाक मुरडता कामा नये." नाक मुरडणारे तिने आयुष्यभर पाहिले होते. भीमाबाईही तिच्याच वयाच्या, आमच्यातल्याच. रागावणार कोणत्या तोंडाने?

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज बारा पत्रं गेली. काल चौदा. एकाचंही उत्तर नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रूपाला सांगितलं. ती हातमोजे मोजत होती, मोजतच राहिली. मग म्हणाली, "दीप्तीताई, मग माझ्या पेशंटांचं काय?" स्वतःच्या पगाराबद्दल अक्षरही काढलं नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

संपलं आता. मला हे जमतच नाही. लोकांकडे मागायला वेगळी माणसं लागतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कपासी मॅडमचा मेसेज. रविवारी दोन मैत्रिणी येताहेत, दुसरं कोणी दाखवाल का? पटलं तर तीन वर्षांचं बघू म्हणतात.

तीन वर्षं!

पाच घरी विचारलं. अनोळखी बायका घरात नकोत म्हणाले सगळे. शेवटी मीच मॅडमना लिहिलं — भीमाबाईंनाच पुन्हा बघा, त्या दिवशी तुम्ही जखम पाहिली नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कडावला जाऊन आले. लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

मिलिंदला म्हटलं, "ह्या वेळी काही आवरू नको. खुर्च्या आणू नको. आईला जुनीच साडी असू दे."

तो बघतच राहिला. "म्हंजी आमी घाणीत बसायचं?"

"घाणीत नाही रे. रोज असतं तसं."

"रोज बी घाण नसती, ताई."

खरंच नसते. दोन वर्षं मी त्या घरी जातेय, एकदाही चादर मळलेली पाहिली नाही. तरी मी तिथेच उभी राहिले, रूपाचा पगार सांगितला, सगळ्या गावांतले पेशंट सांगितले. तो मान खाली घालून पायाच्या नखाने जमीन टोकरत होता.

भीमाबाई पडल्या पडल्या ऐकत होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द अडकतात. "करू दे रं," म्हणाल्या, "पोरीचं काम हाय."

येताना शेतातून कापणीच्या बायांनी हाक मारली. मी स्कूटर थांबवली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

जमलं.

चादर दोन दिवसांची. मोरीत भांडी तशीच. साडी कुठून शोधून काढली कोण जाणे, विटलेली, पदर फाटलेला. रूपाला मी काही सांगितलं नव्हतं. ती आली आणि कडाडली, "चादर का नाही बदलली रे?" मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे वळले!

रूपाने पट्टी सोडली. वास सुटला. एक मैत्रीण नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. दुसरीने फोटो काढले आणि मी अडवलं नाही. भीमाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. स्वतःहून तेवढंच करता येतं त्यांना.

गाडीशी मॅडमनी माझा हात हातात घेतला. "आज पटलं."

घरी येऊन तीनदा अंघोळ केली. नीच आहे मी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पत्र आलं, सहीशिक्क्यासकट! तीन वर्षं, पूर्ण खर्च. रूपाने मला उचलायचीच बाकी ठेवली होती. खाली मॅडमनी हाताने लिहिलंय — भीमाबाईंची खुशाली दर महिन्याला कळवत जा, फोटोसह.

ह्या वेळी मी आळस करणार नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पाठवीन. देणगीदार असेच टिकतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रूपाचा फोन, कडावहून. मिलिंदने तिला दारातच थांबवलं. "आई नको म्हनती. परत कुनी यायचं नाय." पट्ट्यांचं पाकीट द्यायला गेली, तेही घेतलं नाही. जखम भरायला अजून दोन महिने तरी आहेत.