काकूंच्या पाकिटावरची माझी सही

बाबा, स्वयंपाकघरातले चौदा ड्रॉवर, टास्मानियन ओकचा देव्हारा, मागचं डेक, मंडळाच्या गणपतीचं घडी होणारं मखर आणि टपाली मतांची पाकिटं ठेवायची कुलूपवाली प्लायवूडची पेटी, एवढं मी इथे माझ्या हातांनी केलं. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, फळ्या वाया घालवून शिकलो. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तुम्ही यातलं काहीच पाहिलं नाही, म्हणून आधी हे सांगून टाकतो. पुढचं सांगायला जरा बळ येतं.

साथीचं तिसरं वर्ष होतं. आमच्या उपनगरात, स्कोफिल्ड्समध्ये, दर चार घरांआड कुणीतरी पॉझिटिव्ह. निवडणूक आली तसं आमच्या पक्षाच्या शाखेनं सांगितलं, आपल्यातल्या म्हाताऱ्यांची टपाली मतं तू बघ. इथे मत दिलं नाही तर दंड होतो, त्यामुळे सगळे धास्तावलेले. पद्धत सोपी आहे. मतपत्रिका पाकिटात, पाकिटावर मतदाराची सही, आणि ती सही होताना ज्यानं पाहिली त्या साक्षीदाराची दुसरी सही. मी खिडकीबाहेर उभा राहायचो, आत सही होताना बघायचो, मगच माझं पेन काढायचो. एका आजोबांनी आधीच सही करून ठेवली होती. मी म्हटलं, चालणार नाही, नवं पाकीट मागवा. "तू काय कलेक्टर लागून गेलास?" म्हणाले. पण मागवलं. अकरा घरं अशी केली.

बारावं काकूंचं. नात्यातल्या नव्हेत, पण मी या देशात नवा, पेंडल हिल भागात राहत होतो तेव्हा वर्षभर माझं ताट त्यांनी वाढलं होतं. काकू कट्टर दुसऱ्या पक्षाच्या. फोनवर माझ्याशी कचाकचा भांडायच्या. साथीमुळे प्रत्यक्ष भेट मात्र वर्षभरात नाही. त्यांची सून आमच्या पक्षाची. पाकीट टपालात टाकायचा शेवटचा दिवस होता. सून गेटच्या आतूनच म्हणाली, "काका, जवळ नका येऊ, आमचं आयसोलेशन चालू आहे. आईंना आत्ताच झोप लागलीय. सही केलीय त्यांनी." पाकीट तिनं लेटरबॉक्सवर ठेवलं. सही सरळ, सुबक. वा, काय अक्षर आहे या वयात, असंही मनात आलं. गाडीच्या बॉनेटवर ठेवून मी साक्षीदार म्हणून सही केली.

आमचा उमेदवार थोडक्यात निवडून आला. मंडळाच्या बार्बेक्यूला माझा जुना पुणेकर मित्र, तो काकूंच्या पक्षाचा, सगळ्यांसमोर म्हणाला, "पेट्या घेऊन दारोदार फिरता, आत काय भरता कुणाला माहीत!"

"आणि तुमची माणसं नर्सिंग होममध्ये टपाली मताचे फॉर्म वाटत होती ते?" मी म्हटलं.

"फॉर्म वेगळा, मत वेगळं, मेट!"

मी उठून उभा राहिलो. "एकूण एक सही माझ्या डोळ्यांसमोर झालीय. एक तरी खोटी दाखव." त्यानं भाजलेलं कणीस चिमट्यानं माझ्या ताटलीत ठेवलं. "तू म्हणतोस म्हणजे झालीच असणार. सॉरी यार."

हिवाळ्यात काकू गेल्या. ऑनलाइन शोकसभेत त्यांचा मुलगा म्हणाला, "शेवटचे चार महिने आईचा उजवा हात पूर्ण गेला होता. घासही आम्हीच भरवायचो." स्क्रीनवर सगळ्यांचे माना खाली घातलेले चेहरे, आणि मी टेबलाखाली बोटांवर महिने मोजतोय. निवडणूक त्या चारांतच येते. आत मत कुणाला होतं, मला माहीत नाही. काकूंनी सांगितलं असेल आणि सुनेनं तसंच्या तसं केलं असेल. असेलही. सून मंडळात भेटते, "काका, बरे आहात ना?" विचारते, आणि मी तिला काहीच विचारत नाही.

दहावीची माझी प्रयोगवही तुम्ही पाहिलीत तो दिवस आठवतो. तुम्ही ओट्यापाशी तूरडाळ निवडत होतात. वही उलटलीत आणि म्हणालात, "ही रीडिंगं तू घेतलीस?" "सगळेच असं लिहितात, बाबा." "सगळ्यांचं कोण विचारतंय? तू पाहिलंस का?" आणि परत डाळीत डोळे. ओरडलाही नाहीत. आता सकाळी चहाचा डबा काढून ड्रॉवर ढकलतो तर मागून तोच आवाज येतो, तितकाच हळू. पाहिलंस का? मी वळत नाही.

खरं तर हे त्या मित्राला लिहायला हवं. तो तीन गल्ल्या पलीकडे राहतो, पत्र चालत जाऊन टाकता येईल. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते पोचवावं लागत नाही. आता राज्याची निवडणूक येतेय. गेल्या आठवड्यात शाखेचा माणूस घरी आला. "दादा, तुमच्याइतकं काटेकोर कुणी नाही. या वेळी आख्ख्या भागाची टपाली मतं तुमच्याकडे. वेळेचे आणि पेट्रोलचे म्हणून चार हजार डॉलर." काम आणि पैसे, दोन्हीला मी नको म्हणालो, कारण सांगितलं नाही. पैशाला हात न लावणारा माणूस, असं तो आता सगळीकडे सांगत फिरतोय, आणि मी त्याला सांगू देतोय.