त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि माझा अंगठा

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.

माझ्या फोनच्या तळाशी नांदणारे तीन सज्जन, श्रीयुत त्रिकोण, श्रीयुत वर्तुळ आणि श्रीयुत चौकोन, आज पहाटे पूर्वसूचना न देता अंतर्धान पावले. रात्री फोन चार्जिंगला लावला तेव्हा तिघेही जागेवर होते. सकाळी त्यांच्या जागी एक बारीक आडवी रेघ. खडूने ओढायला घेतली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून सोडून दिली, अशी.

कंपनीने म्हणे अपडेट दिला. मागितला कोणी होता?

यापुढे काहीही दाबायचे नाही. सगळे सरकवायचे. मागे जायचे तर काठावरून आत. घरी जायचे तर तळातून वर. पाठशाळेत संस्कृत शिकलेला, पवनीहून वीसेक वर्षे बातम्या धाडणारा माणूस मी. मला आता घरी जाण्याची रीत रेघ शिकवणार.

धान खरेदीची बातमी टाइप करताना सरकवले. एकदाच सरकवले. दोनदा सरकले. बातमीसकट बाहेर फेकला गेलो. अंगठा जरा उत्साही आहे. पंचावन्नाव्या वर्षी एखादा अवयव तरी उत्साही असावा.

संकल्प: सोमवारपर्यंत या विद्येत पारंगत होणे.

२६ ऑक्टोबर, रविवार.

सराव. ओसरीवर बसून खालून वर, डावीकडून उजवीकडे. ज्योत्सनाने आतून विचारले, काहून जी, फोनले थापट्या मारून राहिले का? (ज्योत्सना म्हणजे माझी बायको. ही नोंद कुणासाठी केली कळत नाही, वाचणारा मीच.) मी म्हणालो, सराव. ती म्हणाली, पोरी भांडे घासता घासता करतेत हे, तुमाले सराव कायले लागते?

 काचेला टेकण्याआधीच अंगठा थरथरतो. थंडी असणार. थंडी अजून पडली नाही हे खरे, पण पडण्याच्या बेतात आहे.

घाबरण्यासारखे काही नाही. हे सहज लिहिले.

२७ ऑक्टोबर, सोमवार.

पारंगत झालो नाही. मुदत वाढवली.

नागपूरच्या डेस्कवरून योगेंद्रचा फोन. म्हणे, पंडितजी, तुमच्या बातमीत ‘परिसरात शोककककळा’ आलंय. चार क. एवढं मोठं कोण गेलं पवनीत? मी म्हणालो, फोनचा टच अतिसंवेदनशील झालाय, अपडेटचा दोष. तो म्हणाला, पण मागच्या महिन्यात ‘सरपंचचच’ होते, तेव्हाही मीच काढले.

मागच्या महिन्यात अपडेट नव्हता. हे त्याच्या लक्षात आले नाही. मी आणून दिले नाही.

आयुर्वेदात अशा थरथरीसाठी एक शब्द आहे. तो मला येतो. म्हणूनच इथे लिहीत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

बसस्टँडजवळ चंद्रकुमारचे मोबाइल दुकान. त्याला बोलायला गिऱ्हाईक लागते, विकायला नाही. म्हणाला, दोनी सोय हाय सर. सेटिंगमंदी जा, बटन लावा नाहीतर सरकवा. फक्त एक ध्यानात ठेवा, बटनवाल्याचं अन् सरकवणाऱ्याचं लग्न जमवू नोका, एक मागं जाते तवा दुसरं घरी जाते. मग त्याने बटणवाल्या काकांचे आणि सरकवणाऱ्या काकूंचे एक उदाहरण दिले. ते लांब होते.

तीन सज्जन पुन्हा गादीवर आले. चंद्रकुमार म्हणाला, दाबून पाहा सर. मी म्हणालो, घरी जाऊन निवांत पाहीन. तो म्हणाला, हात खिशातून काढा ना मग, फोन तर घ्या. डाव्या हाताने घेतला. उजवा खिशात होता. तिथे तो बरा असतो.

निर्णय अंतिम: बटणे. माणसाने ठाम असावे.

२९ ऑक्टोबर, बुधवार.

बटणांबद्दल पुनर्विचार.

वर्तुळ दाबायला गेलो, चौकोन दाबला गेला. तोही दोनदा. चौकोन लागोपाठ दोनदा दाबला की फोन आधीच्या ॲपमध्ये उडी मारतो, हे ज्ञान मला आज उपजले. मी एकीकडे डेस्कला बातमी धाडत होतो आणि दुसरीकडे सानगडीच्या निर्मलाबाईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, निरोप. उडीत दोघांची अदलाबदल झाली.

बहिणीला गेले: ‘खरेदी केंद्र तत्काळ सुरू करावे, अन्यथा तीव्र आंदोलन.’ तिने फोन करून विचारले, बापू, आमचं धान अजून बांधीत उभं हाय, तू कोणावर आंदोलन करून राहिला?

डेस्कला गेले: ‘शनिवारी मंडईले येतो. वड्याची भाजी करजो.’ योगेंद्रने हात जोडलेले चित्र पाठवून विचारले, पानावर घेऊ की पानात वाढू?

अपमान. पुन्हा रेघ लावली. सरकवण्यात निदान नेम धरावा लागत नाही.

सायंकाळी: रेघही सरळ जात नाही. तळातून वर निघतो आणि वाटेत अंगठा काहीतरी वेगळेच लिहितो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

शास्त्रीय प्रयोग. डाव्या हाताने करून पाहिले.

पहिल्या फटक्यात घरी. दुसऱ्यात मागे. मग बटणे लावली; वर्तुळ म्हटले की वर्तुळ, चौकोन म्हटले की चौकोन. या हाताने मी आयुष्यात पेन धरलेले नाही.



निष्कर्ष: डावा हात नवखा असल्यामुळे फोन त्याला सवलत देतो.

ज्योत्सना येऊन गेली. फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाली, भंडाऱ्याच्या डॉक्टरचा नंबर लावू का? मी विचारले, कशासाठी? ती म्हणाली, असंच. मी म्हणालो, फोनचे एकदा निस्तरू दे.

१ नोव्हेंबर, शनिवार. सानगडी.

मंडई. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार, म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, रात्री नाटक. दंडारीच्या फलकावर उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक आणि सहदीपप्रज्वलक, झालेच तर विशेष उपस्थिती. पत्रकाराला वगळले तर बातमी येणार नाही, म्हणून कोणतीतरी समई त्याच्या वाट्याला येतेच. मी सहदीपप्रज्वलक. फलकावर फोटोही होता, तरुणपणीचा.

भर दुपार. शामियाना गच्च. उद्घाटकांनी पहिली वात लावली आणि मेणबत्ती माझ्या हातात दिली. ज्योत वातीच्या डावीकडे गेली, मग उजवीकडे. माईकवाला म्हणाला, आता आपले पत्रकार महोदय दीप लावत आहेत. थोड्या वेळाने म्हणाला, लावत आहेत. पुन्हा म्हणाला, टाळ्या. मेण उद्घाटकांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पडले. ते मोठ्या मनाचे, हसले. मी म्हणालो, वारा फार आहे. बायकांतून माझ्या बहिणीचा आवाज आला, वारा कोठी हाय रे? खरे म्हणजे शामियान्याची झालरसुद्धा हलत नव्हती.

शेवटी उद्घाटकांनी माझे मनगट धरले आणि वात लागली. लोकांना तो आदर वाटला. फोटोत चांगले दिसेल.

जेवताना बहीण जवळ बसली. आवाज खाली आणून म्हणाली, बापू, बाबाचा हात असाच सुरू झाला होता. पहिले अंगठाच. तुले आठवते ना?

मी म्हणालो, बाबांकडे फोनच नव्हता.

तिने वड्याची भाजी वाढली. मी चमचा मागितला. तोही डाव्या हातात घेतला.

२ नोव्हेंबर, रविवार.

पवनीला परत. एसटीत खिडकीशी बसलो आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. शेजारच्याने विचारले, थंडी वाजून राहिली का गुरुजी? बरे झाले, लोकांनाही थंडी पटू लागली.

नवे संकल्प:
सकाळी प्राणायाम.
फोन टेबलावर ठेवूनच वापरणे.
बटणे की रेघ याचा निकाल उद्याच.
चहा अर्धाच कप. इंद्रियनिग्रह. भरलेला कप हाताला झेपत नाही अशातला भाग नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार.

प्राणायाम झाला. श्वास स्थिर. अंगठा श्वासाचे ऐकत नाही.

निकाल: बटणे. दुपारी बदलला: रेघ. चंद्रकुमारला फोन करून विचारले, यात तिसरा मार्ग नाही का? तो म्हणाला, सर, तुमी सोडून सारी पवनी या दोनांतच खुश हाय. मग विचारले, जुना बटणांचा साधा फोन मिळेल? म्हणाला, मिळते ना, पण फोटो कसा धाडाल, अन् बातमी टाइप करता करता दिवाळी येईन पुढची.

बातमी ज्योत्सनाला सांगून तिच्याकडून टाइप करून घेतली. तिला अनुभव मिळावा म्हणून. योगेंद्रचा लगेच निरोप: आज एकही क जास्त नाही, तब्येत बरी आहे ना?

४ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळी ज्योत्सनाला माझे चहाचे व्रत सांगितले. आजपासून कप अर्धाच भरत जा. ती हसली. म्हणाली, गणपतीपासून अर्धाच देऊन राहिली मी तुमाले. पुरा दिला की अर्धा सदऱ्यावर, अन् सदरा धुवाचा मलेच.

गणपतीपासून. मला वाटत होते, मी लपवतो आहे.

मी म्हणालो, हा सगळा फोनचा ताण आहे, स्क्रीनचे एकदा ठरले की हात आपोआप... तिने वाक्य पुरे होऊ दिले नाही. फोन उचलला. सरकवला, मागे गेली, पुढे गेली. बटणे लावली, तीही दाबून पाहिली. मग फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाली, चांगला हाय फोन. दोनी तऱ्हेनं चालते.

मी म्हणालो, तुला त्यातले तांत्रिक कळत नाही. ती म्हणाली, तांत्रिक नाही जी, मले तुमचं समजते. आता थट्टा नोका करू. उद्याचा नंबर लावते.

तिने थट्टा बंद करायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. त्याने जास्त घाबरलो.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ.

नंबर अकराच्या पुढे केव्हाही लागेल. ज्योत्सना तयार होते आहे. तेवढ्यात लिहून घेतो.

फोनमध्ये काही बिघाड नाही. हात हलतो. उजवा. पोळ्याच्या आसपास सुरू झाले, म्हणजे अपडेटच्या बरेच आधी. बटणे ठेवली की रेघ, आता लक्षातही नाही.

बाबांचे मला सगळे आठवते. शेवटच्या वर्षांत आई त्यांना भरवायची. भाताचा घास तोंडाशी आला की बाबा तोंड उघडायचे, पण आईकडे बघायचे नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघायचे. भिंतीवर काहीही नव्हते. जेवण संपेपर्यंत बघत राहायचे. आई त्यांच्याशी बोलायची, हसवायचाही प्रयत्न करायची, आणि ते भिंतीकडे.

डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. त्याला औषध असेल. मरायची म्हणाल तर तेवढी भीती नाही. निदान आज सकाळी नाही.

ज्योत्सना मला भरवेल. टोमणे मारत भरवेल, सदऱ्यावर सांडले म्हणून ओरडेल, शेजारणीला सांगून हसेल. तिचे मला माहीत आहे. त्या वेळी मला तिच्याकडे बघता येईल की नाही, हे माहीत नाही. मला त्याची भीती वाटते.