चोवीस नंबरचा पत्रा

१ मार्च, रविवार

आले एकदाची! दोन पेट्या, एक गादी, गमबूट आणि मी. शिंपीणमावशींच्या दुकानावरची खोली मिळाली आहे. खिडकी पूर्वेला, मोरी लख्ख, टेबल जरा डुगडुगतं पण पायाखाली पुठ्ठा घातला की झालं. खाली दिवसभर शिलाई मशीन चालतं. विम्याच्या कचेरीत सात वर्षं साहेबांची कटकट ऐकलेल्या बाईला त्या मशीनचं काय मोठंसं!

नवं काम असं, की थंडी सरल्यावर साप उन्हाला येतात, तेव्हा लोकांना रानात नेऊन ते दाखवायचे. पेटीतले नव्हेत, मोकळे. सहलींची आखणी सगळी माझ्याकडे. निसर्ग मंडळाचं पत्र आलं त्या दिवशी दादाने कपाळावर हात मारून घेतला. साप दिसला की लोक धूम ठोकतात आणि तू त्यांना रांगेत उभं करणार, म्हणाला. शिवाय तू अशी फटकळ, तुझ्यामागे चार माणसं तरी येतील का? मी तिथल्या तिथे त्याला आमंत्रण दिलं, की पहिली सहल २९ तारखेला आहे, ये आणि मोज माणसं.

आई गेल्यापासून दादानेच मला वाढवलं. पोटाला कमी पडू दिलं नाही, पण ‘शाबास’ म्हणून कधी पाठ थोपटली असेल तर शपथ. या २९ला ते त्याच्या तोंडून काढते की नाही बघाच.

४ मार्च

आज राखणदारकाकांनी काम दाखवलं. जुन्या दगडखाणीभोवतीचं माळरान मंडळाकडे आहे आणि काका तीस वर्षं ते सांभाळतात. माळावर जागोजागी लोखंडी पत्रे टाकलेले आहेत, एकूण तेवीस, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. ऊन लागलं की पत्रा तापतो आणि साप ऊब घ्यायला खाली येऊन बसतो. आपण पलीकडची कड धरून पत्रा स्वतःकडे उचलायचा, म्हणजे आपल्यापुढे आडोसा आणि सापाला समोर मोकळी वाट. बघायचं, वहीत लिहायचं, अलगद खाली ठेवायचा. खाली काही नसलं तर हातमोजा काढून जमिनीवर तळवा टेकायचा. जमीन गुळगुळीत आणि उबदार लागली तर समजायचं की कोणीतरी आत्ताच उठून गेलंय.

सहा पत्र्यांखाली साप मिळाले. नऊ नंबरखालची धामण तर इतकी देखणी की मी चक्क तिला नमस्कार केला. काका हसले.

खाणीच्या तोंडाशी, दक्षिणेच्या उतारावर आणखी एक पत्रा दिसला. गंजलेला, भोकं पडलेला, नंबर नाही. काका म्हणाले तो आपला नाही, दुसऱ्या कोणी टाकलाय, आणि दुसऱ्याने टाकलेला पत्रा उचलायचा नाही ही या कामातली रीत आहे. कोणी टाकलाय? ते त्यांनाही माहीत नाही. ते आले त्याआधीपासून तो तिथेच आहे. म्हटलं, मग बेवारशी झाला की! तर म्हणाले, बेवारशी असता तर इतक्या वर्षांत गवताने गिळला असता.

आज गप्प बसले. पण उतार असा झकास आहे, की काय सांगू.

८ मार्च

माझा स्वभाव काही जात नाही. काकांची आज सुट्टी, म्हणून गेले आणि उचलला. खाली गवताचं पातं नाही, मुंगी नाही. एक गुळगुळीत खोलगट जागा, माणूस ऐसपैस झोपेल एवढी. हातमोजा काढून तळवा टेकला तर ऊब! अंथरुणातून कोणी नुकतंच उठावं तशी. हात बराच वेळ तिथेच राहिला, कारण छान वाटत होतं. खोटं कशाला लिहू.

मग रंगाचा डबा आणून त्यावर ठसठशीत २४ काढला. आता झाला आपला. सहलीचा शेवटचा मुक्काम इथेच. साडेआठला फाटकाशी जमायचं, नियम सांगायचे (कोणीही कुठल्याही सापाला काठी लावणार नाही हा पहिला), आणि दहाच्या सुमारास, पत्रा तापला की, चोवीस नंबर. आखणी कशी चोख झालीये!

१२ मार्च

काकांनी नंबर पाहिला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. न बोलोत.

चोवीसखाली कात मिळाली. आनंदाने उड्या मारायच्या बाकी होत्या. घरी आणून टेबलावर पसरली. साप कात टाकताना ती मोज्यासारखी उलटी होते. हीसुद्धा उलटी होती. ओल्या बोटांनी हळूहळू सुलटी केली.

पाच बोटं निघाली. तळवा निघाला. अंगठ्याच्या बुडाशी आडवी रेघ. रविवारी रंगाचा डबा उघडताना मला तिथेच कापलं होतं. माझा हात शेजारी ठेवला. रेघेला रेघ जुळली.

मग राग आला. कोणीतरी नव्या बाईची थट्टा करतंय, आणि थट्टा करणाऱ्याने मला अजून ओळखलेलं नाही. वहीत रीतसर नोंद केली. जातीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह.

सकाळपासून बोटं गार आहेत. गरम पाण्याने फरक पडत नाही. उन्हात धरली की बरी होतात.

१६ मार्च

आज दंडापर्यंतची. लस टोचल्याचा व्रणसुद्धा आहे. थट्टा करणाऱ्याला माझा दंड कुठे दिसला?

काकांना दाखवली. हातात घेईनात. इतकंच विचारलं, की मी तिथे उघडा हात टेकवला होता का. हो म्हटल्यावर खाली बसले. म्हणाले, पोरी, आपण पत्रे का टाकतो? ऊब दिली की येणारा आपोआप येतो म्हणून. तोही कोणीतरी त्याचसाठी टाकलाय. तू संध्याकाळची बस धर आणि भावाकडे जा.

म्हणे भावाकडे जा! दादाने दारातच म्हटलं असतं, बघ, मी सांगितलं नव्हतं? जीव गेला तरी बेहत्तर, २९च्या आत मी हलायची नाही. माझी सहल आहे ही.

डॉक्टरांनी दोन थर्मामीटर बदलले आणि दोन्ही बिघडलेत म्हणाले. टॉनिक दिलं. भूक नाही; शुक्रवारचं जेवण अजून पुरतंय. सकाळी मावशींच्या पायरीवर उन्हात बसल्याशिवाय अंग हलत नाही.

१९ मार्च

मावशींकडे कॅनव्हासचं जाकीट शिवायला टाकलंय. आज घालून बघायला खाली उतरले, तर म्हणाल्या, अगं कालच नाही का घालून बघितलंस? बाह्या अगदी बसल्या, आणि कित्ती गोड बोललीस! गुडघ्यांची चौकशी केलीस माझ्या.

काल दिवसभर मी माळावर होते. आणि आयुष्यात मी कोणाच्या गुडघ्यांची चौकशी केलेली नाही.

२१ मार्च

मंडळाचे चिटणीस फोनवर खूश. बावीस नावं आली, यादी भरली. काल कचेरीत येऊन मी आखणी किती नम्रपणे समजावली म्हणे. आधी जरा धसका घेतला होता हो तुमचा, असंही म्हणाले आणि हसले.

मी सांगितलं की ती मी नव्हते. ते आणखी हसले. सहल पुढे ढकला म्हटलं, तर म्हणाले, कालच तर तुम्ही म्हणालात की काही झालं तरी रविवार चुकवायचा नाही.

म्हणजे माझ्याच तोंडचं वाक्य. चोरटी!

२४ मार्च

चेहरा.

सापाच्या कातीत डोळ्यांवरचं पातळ कवचही उतरतं. यातही आहे, दोन गोल, काचेसारखे. भुवईजवळ माझ्या कांजिण्यांचा खळगा. शेगडीवर जाळली. जळक्या केसांचा वास आला, माझ्या केसांचा.

दादाला फोन केला. किती दिवसांनी! आणि तो म्हणतो, काल तासभर बोललीस तेवढ्याने मन भरलं नाही का? आईच्या आठवणी काढल्यास, मला रडवलंस. मी ओरडले, की ती मी नव्हते, ती बया कोण आहे मला माहीत नाही, तू तिच्याशी बोलू नकोस. दादा दमलेल्या आवाजात म्हणाला, कालची किती बरी होतीस, पुन्हा सुरू नको करूस.

फोन ठेवला. खूप रडू आलं, पण डोळ्यांतून पाणी येईना.

त्याला येऊ दे रविवारी. दोघी समोर उभ्या राहू. बघू कोण कोणाची बहीण.

२६ मार्च

तेरा दिवस अन्न नाही. आरशात बघत होते. मोजलं. एकदाही पापणी लवली नाही.

खिडकीतून दिसली. माझ्या जाकिटात. मावशींशी हसत होती, त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून नेला. मग वर बघितलं. हात हलवला. पापण्या मिटून उघडल्या, सावकाश, मला दाखवायला.

गमबूट फेकून मारला. लागला नाही. पण फेकला!

२८ मार्च, सकाळ

ठरलं. काकांची पहार घेते, तो पत्रा उखडते, खाणीत लोटते. जागाच नाही उरली तर बसेल कुठे? काका बरोबर यायला तयार नाहीत. पहार मात्र दिली.

दुपार

ढग आले. ऊन गेलं आणि हात लाकूड झाले. पत्रा निम्मा सरकला, पुढे— जमत नाही. ही वही आणि पेन्सिल खिशात आहे म्हणून लिहितेय, नाहीतर झोप लागेल.

खालची जमीन अजून उबदार आहे.

पाचच मिनिटं. हरले म्हणून नाही. पहार उशाशी आहे. ऊन आलं की—

२९ मार्च

पत्रा अंगावर आहे. मी ओढला? आठवत नाही.

गंजाच्या भोकांतून उजेड येतोय. तेवढ्यात लिहितेय. हात हलतात, पाय— पायांचं कळत नाही. एकत्र आहेत. बघणार नाही.

ओरडून बघितलं. आवाज नाही, नुसता श्वास जातो. लांब.

ठीक आहे. लिहिता तर येतंय! माझं अक्षर दादाला ओळखू येतं, शाळेत त्यानेच गिरवून घेतलंय. पत्रा उचलला की वही पुढे धरायची. पळायचं नाही. साप पळतो. मी नाही.

पावलं. खूप. बावीस असतील.

ती बोलतेय. माझा आवाज, पण गोड. लोक हसतायत. माझी आखणी, माझं वाक्य न् वाक्य— फक्त काठीचा नियम नाही सांगितला.

दादा. दादाच! तिला म्हणतोय, अखेर माणसात आलीस. म्हणतोय शाबास. शाबास गं, आईला किती—

नाही. ते माझं आहे. ते तिला नाही. मी आखली ही सहल, मी, दादा, ती नाही.

पत्रा तापला. अंगात जोर येतोय. या, उचला. मी तयार आहे.

ती सांगतेय, खाली आहे तो फार विषारी. मागे व्हा सगळे. काठी दादाच्या हातात देतेय. हलला तर मारायला घाबरू नकोस, म्हणतेय.

बोटं दिसली कडेला. त्याचीच. उजेड—

दादा वही बघ आधी, वही, मारू नकोस, ही मी आहे, तुझी