सोन्याच्या घड्याळाची निगा

तिरोडा, ता. ६ जून १९३८

चि. खेमराज यास बहीण सुशिलाबाईचे अ. उ. आ.

आम्ही खुशाल आहो. तू लिहीतच नाहीस, म्हणून तूही खुशाल असशील असं समजते.

तुझ्या भाऊजींच्या धानगिरणीला पंचवीस वर्षं झाली म्हणून भागीदारांनी त्यांना सोन्याचं मनगटी घड्याळ दिलं. मागच्या झाकणावर नाव आणि साल कोरलं आहे. पाहुणा आला की हे आधी हात पुढं करतात, मग पाणी विचारतात. येता-जाता किल्ली देऊन राहिले. काल तर घड्याळ घालूनच विहिरीवर आंघोळीला निघाले होते.

राग मात्र होता तसाच आहे. आपली शामकला सातवी पास झाली. तिला नागपूरला मास्तरणीच्या शाळेत जायचं आहे, आणि नाव याच महिन्यात घालावं लागते. पण पोरीनं तोंड उघडलं की हे असे गरजतात, की ती अर्ध्या वाक्यातून सैपाकघरात परत. मलेही तेच.

तू तिथंच सीताबर्डीला घड्याळाच्या दुकानात बसतोस. घड्याळाच्या बाबतीत ते तुझंच ऐकतात, बाकी कशात नाही. त्यांना निगेचं पत्र लिही. माझ्या कामाचं काही त्यात बसत असेल तर बसव.

माया आहेच, पण पत्र नाही आलं तर कमी करीन.

सुशिलाबाई

*

नागपूर, ता. ११ जून १९३८

ती. भाऊजींस खेमराजचा शि. सा. न. वि. वि.

घड्याळाची वार्ता ऐकून फार आनंद झाला. किल्ली सकाळी एकदाच द्यावी, तीही घड्याळ हातातून काढून. बोटाला अडलं की थांबावं. पाणी आणि घाम लागू देऊ नये. गिरणीतला कोंडा त्याचा वैरी, तेव्हा तिथं जाताना मऊ कापडात गुंडाळून घरीच ठेवावं. झाकण स्वतः उघडू नये. तेल मी देईन.

आता नाजूक गोष्ट. सोनं लवकर तापतं. माणूस रागावला की मनगटाची नाडी उडते, उष्णता झाकणातून आत शिरते आणि आतली केसाएवढी कमान सैल पडते. कमान पाहून आम्ही मालकाचा स्वभाव ओळखतो. राग आलाच तर आधी घड्याळ उतरवावं, मग रागवावं.

धाकट्यावर लोभ ठेवावा, ही विनंती.

खेमराज

*

तिरोडा, ता. २० जून १९३८

चि. खेमराज यास अ. उ. आ.

तुझ्या पत्राची जादू झाली. घड्याळाच्या नव्या पट्ट्याचं बक्कल घट्ट आहे. ते सुटेपर्यंत यांचा राग निघून जाते. परवा घराच्या दारात हमालानं पोतं चिखलात पाडलं, तर हे बक्कल ओढत उभे, आणि तो बिचारा पोतं उचलून गेलाही.

रविवारी शामकला समोर बसून सारं बोलली. शाळा, तुझ्या घरी राहणं, पुढं नोकरी. यांना घाम फुटला, पण पोरीचं बोलणं पुरं झालं. विचार करतो म्हणाले. मी मधून मधून विचारते, तापलं का हो?

एक भीती आहे. काल ते घड्याळ घेऊन गोंदियाला गेले, कायले ते सांगितलं नाही. तिथं कोणा घड्याळवाल्याला विचारलं असेल, तर तुझं-माझं काही खरं नाही.

ही माया जपून ठेव, कामी येईल.

सुशिलाबाई

*

तिरोडा, ता. २२ जून १९३८

साळेबुवांस रामलालचा नमस्कार वि. वि.

गोंदियाच्या घड्याळवाल्याले तुमची कमानीची गोष्ट सांगितली. तो इतका हासला का डोळ्यावरचं भिंग खाली पडलं. म्हणे, सेठजी, साले ने आपको उल्लू बनाया.

येताना गाडीत लय राग आला. हात बक्कलावर गेला आणि मलेच हासू फुटलं. पण एक सांगतो. पोरगी इतकी नीट बोलते हे मले ठाऊकच नव्हतं. आजवर माझ्यापुढं तिचं वाक्य कधी पुरं झालंच नाही.

बुधवारच्या पॅसेंजरनं तिले घेऊन येऊन राहिलो. शाळेत नाव घालू, राहील तुमच्याकडं. घड्याळ तिच्याच हातावर बांधून देतो, शाळेत वेळेवर जाईल.

तुमच्या बहिणीले यातलं काही कळवू नका. तापलं का म्हणून विचारते, तिची मजा काऊन मोडू? एक काम मात्र करा. माझं मनगट आता मोकळं होईल. खिशातल्या जुन्या घड्याळालेही हाच नियम लागते असं एक पत्र टाका, आणि ते आधी तिच्या हाती पडेल असं पाहा.

लोभ आहे, मोजून देत नाही.

रामलाल