डब्याचं झाकण

प्रिय आईस,

खोकला गेलाय, काळजी करू नकोस.

आमच्या संग्रहालयात दंगलीआधीच्या घरांतल्या वस्तू मांडतेय. कुणी रुसायला नको म्हणून मी दोन वस्त्यांची दोन कपाटं केली. काल एक आजी आल्या आणि माझ्यावरच डाफरल्या, "माझ्या डब्याचं झाकण त्यांच्या कपाटात काय करतंय?" दंगलीच्या आदल्या दिवशी पलीकडची शेजारीण दूध झाकायला घेऊन गेली होती म्हणे.

मी झाकण काढून डब्याला लावलं. घट्ट बसलं. आजी हळूच म्हणाल्या, "आहे का गं ती अजून?"

आहे. ती शेजारीणही उद्या संग्रहालयात येतेय.

आई, काकूची परात अजून आपल्याच फळीवर आहे ना? वाटणीत घराच्या मधे भिंत घातल्यापासून तू ती वापरलेली नाहीस. मी येईपर्यंत थांबू नकोस, तूच देऊन ये.

तुझीच,
धाकटी