पितृपक्षात घेतलेली पिकअप

प्रिय दादा,

आज सप्तमी, तुझी तिथी. सकाळी घरामागच्या लाकडी डेकवर पान ठेवलं, हात जोडले आणि मनात काही चांगलं येईल म्हणून डोळे मिटून थांबलो. आला तो राग. पानासमोर उभं राहून रागवणं बरं नव्हे, म्हणून आत येऊन हे लिहायला बसलो आहे. तू समोर असतास तर बोललो नसतो. तुझ्यापुढे माझं तोंड कधी उघडलं होतं?

दादा, आधी गाडी वाहून न्यायचा ट्रेलर कोण घेतं रे? ओढायला गाडी नाही, ट्रेलरचे ब्रेक लावणारा कंट्रोलर नाही, आणि तो लोखंडी सांगाडा आणून दारात उभा केलास! शेजारी विचारायचे तेव्हा हसून सांगायचास, "गाडी बघतोय." शनिवारी तुझ्याकडे यावं तर लॅपटॉपवर चारपाच पिकअप मांडलेल्या. हिची ओढ चांगली, पण मागच्या चाकांवर भार पेलत नाही. तिला भार पेलतो, पण कंट्रोलर नीट बसत नाही. पुढच्या वर्षी नवी येणार, तिची वाट बघू. असं करत किती वर्षं घालवलीस! लोकांच्या गाड्या थांबाव्यात म्हणून आयुष्यभर राबलास. ब्रेकच्या चाचण्यांसाठी कधी बर्फात, कधी वाळवंटात जाऊन राहिलास. आणि स्वतःच्या ट्रेलरसाठी तळहाताएवढी एक डबी ठरवता येऊ नये?

खरं तर तुला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. शाळेतून येताना आपण उतारावर थांबायचो. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि चाकाखाली घालायला दगड घेऊन बाजूने पळणारा माणूस. इतर पोरं ऊस उपसायची. तू बघत उभा राहायचास आणि विचारायचास, "ट्रॉलीला ब्रेक का नसतो?" मास्तरांना विचारलंस, ट्रॅक्टरवाल्याला विचारलंस, मारुतीच्या पुजाऱ्यालासुद्धा विचारलंस. मी ऊस खात होतो. मला वाटायचं, दादा विचारतोय ना, मग आपण कशाला?

तेच आता अंगाशी आलं.

तुझं नोव्हायमधलं घर विकलं. पुढच्या आठवड्यात क्लोजिंग, म्हणजे सह्या करून ताबा द्यायचा, त्याआधी गॅरेज रिकामं हवं. वहिनी लेकीकडे, रेवाकडे, ॲरिझोनात चँडलरला राहायला चालल्या आहेत. आणि गॅरेजमध्ये तुझी ती जुनी निळी गाडी. या देशात घेतलेली पहिली. रेवा जिच्यावर चालवायला शिकली, जिचं इंजिन उतरवून तू पुन्हा बसवलंस ती. रेवाला नोकरी लागली तेव्हा भरल्या घरात म्हणाला होतास, "ही गाडी मी स्वतः ओढत आणून तुझ्या दारात उभी करणार." म्हणून वहिनी ती विकू देत नाहीत, आणि परक्याच्या ट्रकवरही चढवू देत नाहीत. रेवा तर रोज फोनवर विचारते, "काका, इज इट कमिंग?"

माझा मित्र शिरीष म्हणाला, "अबे, ट्रान्सपोर्टवाल्याला देऊन मोकळा हो ना यार! तू काय ट्रक ड्रायव्हर आहे का?" नागपूरचा माणूस, मनात ठेवत नाही. मी म्हटलं, "दादाचा शब्द आहे." तो म्हणाला, "मग दादालाच सांग ओढायला." आणि स्वतःच ओशाळला.

आता पिकअप घ्यायला हवी हे मला कळत होतं. पण नेमका पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात आपल्या घरात कोणी साधी सायकल घेतली आहे का कधी? आईने तर नवी चप्पलसुद्धा घालू दिली नसती. मी इथे कॉम्प्युटरवर इन्शुरन्स कंपनीचं काम करतो, पण ही गोष्ट मला मोडवेना. म्हणून ठरवलं, नवीन काही घ्यायचं नाही, घरच्या सात सीटच्या गाडीनेच ओढायचं. तिच्या पुस्तकात ओढायच्या वजनाचा आकडा बघितला, तुझ्या गाडीच्या वजनाशी ताडला आणि खूश झालो. ट्रेलरलाही स्वतःचं वजन असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! वायर जोडली तर मागचे दिवे लागले. दिवे लागले म्हणजे ब्रेकही लागत असणार, असं धरून चाललो.

हस ना. तुला हसू येणारच.

शनिवारी ट्रेलरवर निळी गाडी चढवली आणि वहिनींना शेजारी बसवून एक फेरी मारायला निघालो. गाडी मागून इतकी बसली होती की पुढे नुसतं आभाळ दिसत होतं. सपाट रस्त्यावर ठीक चाललं. हायवेवरून खाली उतरताना समोर सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला, आणि दादा, मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी पुढेच जात राहिली. तुझी निळी गाडी आणि तुझा ट्रेलर, दोघं मिळून आम्हाला चौकात लोटत होते. मी मनात रामरक्षा म्हणत होतो की मोठ्याने, ते आठवत नाही. थांबलो तो चौकाच्या मधोमध. सगळीकडून हॉर्न. देवाची कृपा, आडवं कोणी आलं नाही.

पुढे दुकानाच्या आवारात गाडी घेतली. वहिनींनी सीटबेल्ट सोडला. मग म्हणाल्या, "भाऊजी, पिकअप का घेत नाही तुम्ही?"

"पितृपक्ष आहे, वहिनी."

"कुणाचा?"

"म्हणजे?"

"कुणाचा पितृपक्ष? ह्यांचाच ना? मग हे काम कुणाचं आहे? ह्यांनी बोललेलं, ह्यांनी अडवून ठेवलेलं. ते ह्यांच्याच पंधरवड्यात करायचं नाही तर कधी करायचं? का मलाही ह्यांच्याकडे पोचवायचा विचार आहे?"

दादा, इतकी वर्षं वहिनींना मी ओळखतो असं समजत होतो.

सोमवारी पिकअप घेतली. जुनी आहे, तुला पसंत पडली नसती. रंग तर कुणालाच पसंत पडलेला नाही. पण या वेळी दाराच्या चौकटीवरचं भाराचं स्टिकर आधी वाचलं, मग ट्रेलर आणि गाडी मिळून वजन काट्यावर करून आणलं, त्यात आम्ही दोघं आणि वहिनींच्या बॅगा धरल्या, आणि तरी वाव उरतो ना ते बघितलं. विकणारा म्हणत होता, हिला घर बांधलंत तरी ओढेल. मी म्हटलं, ओढेल हो, थांबवेल का? तेव्हा त्याने मला ब्रेकचे कागद दाखवायला सुरुवात केली.

कंट्रोलरसाठी मात्र रेवाला फोन केला. तिला म्हटलं, "तुझ्या बाबांनी शेवटी कोणता ठरवला होता?"

"ही वॉज स्टिल डिसायडिंग, काका! पण टाइमवाला नको. बाबा हेटेड दोज."

का ते तिलाही नीट सांगता येईना. शेवटी मीच वाचत बसलो. टाइमवाला एकदा ठरवलेल्या वेगानेच ट्रेलरचा ब्रेक वाढवत नेतो. तुम्ही हळूच पाय ठेवा नाहीतर जीव खाऊन दाबा, त्याला काही कळत नाही. दुसरा, प्रमाणात लावणारा. पुढची गाडी किती जोराने थांबते आहे ते ओळखून तेवढाच जोर तो मागे पाठवतो. एवढंच होतं ना? मग एवढं सांगायला तुला काय झालं होतं? माझ्यासारख्याला एका संध्याकाळी कळलं. चहा घेता घेता एकदा बोलला असतास! प्रत्येक वेळी म्हणायचास, "तुला नाही कळायचं, मी आहे ना." होतास, दादा. होतास तोवर.

काल तो बसवून घेतला आणि देवळाच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये वहिनींना घेऊन गेलो. हळू चालवत कंट्रोलरचा छोटा दांडा सरकवायचा. ट्रेलरची चाकं न फिरता घासली तर जोर कमी करायचा, नुसतंच ढकलत राहिला तर वाढवायचा. बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग एकदा मागून हलकेच कोणी धरून ठेवावं तशी गाडी थांबली. मला एकदम गहिवरून आलं, आणि लगेच तुझा रागही आला.

वहिनींनी विचारलं, "ते काय सरकवता?"

मी सांगितलं. मागचा ट्रेलर डोलायला लागला तर घाबरून पायाचा ब्रेक दाबायचा नाही, हा दांडा सरकवायचा. म्हणजे आधी ट्रेलर आवरतो, मग गाडी.

"हे ह्यांना माहीत होतं?"

"हो."

"मला कधी सांगितलं नाही." एवढंच म्हणून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तुझ्याबरोबर तीस वर्षं त्या शेजारच्या सीटवर बसल्या, दादा, आणि काल पहिल्यांदा कुणी त्यांना समोर काय आहे ते सांगितलं.

उद्या सकाळी आम्ही निघतो. मिशिगन ते ॲरिझोना, रोज उजेड असेपर्यंतच चालवायचं असं ठरवलं आहे. तुझी निळी गाडी पट्ट्यांनी बांधली आहे, पट्टे मी पुन्हापुन्हा ओढून बघितले आहेत. दरवेळी थांबलो की आधी ते बघेन, मग चहा. रेवाच्या दारात गाडी उभी करेन. तू दिलेला शब्द तसा पुरा होईल, त्याची काळजी करू नकोस.

मी माझा एक शब्द देतो. शहर मागे पडून रस्ता मोकळा झाला की कडेला थांबेन, वहिनींचा हात त्या दांड्यावर ठेवेन, पुन्हा हळू निघेन आणि त्यांच्याच हातांनी ट्रेलर थांबवून घेईन. एकदा नाही, त्या "आलं हो भाऊजी, पुरे" असं म्हणेपर्यंत. वाटेत मला काही झालं, तर शेजारी बसलेल्या माणसाला हे सगळं थांबवता आलं पाहिजे. मला जे कळलं आहे ते एकट्याच्या डोक्यात घेऊन मी जाणार नाही.

तुझा धाकटा,
दत्ता